ओहोटी पाहून उतरणारं विमान

ओहोटी लागली आहे. ओल्या पुळणीवर शिंपल्यांचा सडा पडलाय, आणि ढगांतून ट्विन ऑटर नावाचं एक छोटं विमान खाली येतंय. चाकं वाळूला टेकली, मागे पाण्याचा फवारा उडाला.

हा स्कॉटलंडमधल्या बॅरा बेटाचा विमानतळ. लाकडी खांब रोवून पुळणीवरच तीन धावपट्ट्या आखल्यात. भरती आली की तिन्ही पाण्याखाली. म्हणून इथलं वेळापत्रक समुद्राला विचारून ठरतं. त्यात नियमित विमानं उतरणार ती दिवसाउजेडी. हिवाळ्यातल्या तोकड्या दिवसात ओहोटी आणि उजेड यांची गाठ पडावी लागते. वर वारा आणि धुकं आहेच.

तरी छोट्या बेटावर विमान चालवताना हवामान ही अर्धीच अडचण. उरलेली अर्धी हिशेबाच्या वहीत आहे.

ट्विन ऑटरमध्ये प्रवासी बसतात जेमतेम १९. वैमानिक मात्र दोन, दीडशे-दोनशे जणांच्या जेट विमानात असतात तेवढेच. विमानात तिघं असोत की १९, वैमानिकांचा पगार, तपासणी, विमानतळावरचं अग्निशमन पथक, यांतलं काहीच कमी होत नाही. त्यात खारा वारा धातू खातो, म्हणून विमान गोड्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवावं लागतं.

उन्हाळ्यात पर्यटक येतात, आसनं भरतात. तेवढ्यापुरत्या येणाऱ्या विमान कंपन्याही असतात. मलई खाऊन त्या हंगाम सरताच निघून जातात, आणि बारमाही सेवा देणाऱ्या कंपनीची हिवाळ्याची बेगमीच बुडते. तिकीट स्वस्त झालं म्हणून अशा स्पर्धेचं कौतुक होतं, पण बेटावरच्या माणसाला ते महागात पडतं.

युरोपात यावर एक वाट काढली आहे. जिथं नुसत्या तिकिटांवर विमान परवडत नाही, तिथं सरकार निविदा काढून कंपनी नेमतं, वर्षभराच्या फेऱ्या बांधून देतं आणि तूट भरून देतं. बॅराचं विमान असंच चालतं. याला कुणी उधळपट्टी म्हणतं, तेव्हा मला विचारावंसं वाटतं: डोंगरातल्या गावाचा रस्ता नफ्यात आहे का, हे कुणी कधी तपासतं का?

पैसा मिळाला तरी विमान मिळेलच असं नाही. छोट्या बेटांचा भार आजही ट्विन ऑटर आणि आयलंडर ही दोन छोटी विमानं वाहतात. दोन्ही पहिल्यांदा उडाली १९६५ साली. आखूड धावपट्टीवर उतरेल असं नवं छोटं विमान बनवणारे फारच थोडे.

आणि बेट खूप दूर असेल तर? अटलांटिकमधल्या सेंट हेलेनाचा विमानतळ २०१६ मध्ये बांधून तयार होता. पण कड्यावरून येणारा वारा धावपट्टीजवळ असा अचानक फिरायचा, की नियमित विमानसेवा सुरू व्हायला २०१७ चा ऑक्टोबर उजाडला. पुढच्याच वर्षी केप टाउनहून येणारी जुनी टपाल बोट बंद झाली. आता विमान रद्द झालं, तर दुसरी नियमित प्रवासी सेवा नाही.

आता पुन्हा स्कॉटलंड. ऑर्कनी द्वीपसमूहात वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण, जेमतेम दोन मिनिटांचं. पापा वेस्ट्रेवर माणसं शंभराच्या आत. उन्हाळ्यात पर्यटक हौसेनं हे तिकीट काढतात. जानेवारीत त्याच आयलंडरमधून शिक्षक येतात, डॉक्टर येतात, आणि परतीच्या फेरीत एखादा रुग्ण तपासणीसाठी निघतो.