अप्पांचा बनियन आणि मृगातलं कडबोळं

नमस्कार मंडळी. आज तेजोमेघांच्या, म्हणजे अवकाशातल्या वायू आणि धुळीच्या ढगांच्या, फोटोंबद्दल बोलायचंय, म्हणजे फोटो काढण्याबद्दल कमी आणि काढून झाल्यावर कॉम्प्युटरवर त्याचं काय करायचं याबद्दल जास्त, कारण खरं काम तिथेच असतं आणि खरी फजितीही तिथेच होते.

मृग नक्षत्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. हरणाच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि त्याच्या जरासं दक्षिणेला धुरकट ठिपका. तोच मृगातला तेजोमेघ, एम ४२, म्हणजे मेसियेच्या यादीतला बेचाळिसावा. साधारण १३०० प्रकाशवर्षं लांब, म्हणजे आज जो उजेड आपल्या कॅमेऱ्यात पडतो तो निघाला तेव्हा वेरूळचं कैलास लेणं कोरायला सुरुवातही झाली नव्हती. तेजोमेघाचा जगातला पहिला फोटो याचाच. हेन्री ड्रेपर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने ३० सप्टेंबर १८८० ला काढला, फोटोची काच (तेव्हा फिल्मऐवजी काच असे) ५१ मिनिटं उघडी ठेवून. त्याने एक काढला, आपण शंभर काढतो आणि सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचतो, त्याला म्हणतात स्टॅकिंग. शंभर रचले की फोटोतली खरखर, तो नॉइज, दहापट कमी होतो. दोनशे रचले म्हणून वीसपट नाही हं होत, चौदापटच. वर्गमुळाचा हिशोब आहे तो.

आता माझी गोष्ट. ही मी कुठेही सांगते, घरचे वैतागलेत.

माझं सासर वाईच्या पुढे एका गावात. दिवाळीला आम्ही सगळे तिकडेच, आणि लक्ष्मीपूजन म्हणजे अमावास्या, म्हणजे माझ्यासाठी पर्वणी. फटाके थांबून धूर खाली बसेपर्यंत रात्रीचे दोन वाजले, मग गच्चीवर माझी सहा इंची आरशाची दुर्बीण, मोटरवाला स्टँड, कॅमेरा. (गावातही आता ते पांढरे एलईडी दिवे आलेत, निम्मा उजेड आकाशात फेकणारे. वरून कोण चोर येणार आहे कोण जाणे. असो.) आधी कृत्तिकांचे थोडे काढले, मग मृगाचे नव्वद, एकेक मिनिटाचे. पहाटे थंडीने बोटं वाजायला लागली, सगळं आवरून झोपले.

दुसऱ्या दिवशी स्टॅक केलं, तर स्क्रीन काळीकुट्ट. घाबरायचं नाही, ती तशीच असते, सगळा तेजोमेघ त्या काळ्यात दडलेला असतो, तो हळूहळू ताणून उजेडात आणायचा, स्ट्रेच करायचा. मी ताणलं. गुलाबी पंख उघडले, आणि डाव्या कोपऱ्यात काय, तर एक राखाडी वलय! अगदी गोल, मधे उजळ, फराळाच्या ताटातल्या कडबोळ्यासारखं. मी पुस्तकं पालथी घातली, असलं काही नोंदलेलंच नाही. सासूबाई म्हणाल्या, "दृष्ट काढू का?" आणि अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो फोटो साताऱ्याला नेऊन हातभर मोठा छापून फ्रेम करून आणला. भाऊबीजेला येईल त्या पाहुण्याला काठीने दाखवायचे, "हे आमच्या सूनबाईंनी शोधलं."

पुण्यात आल्यावर आमच्या आकाश बघणाऱ्यांच्या ग्रुपमधल्या एका काकांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि एवढंच विचारलं, "त्या रात्री अजून कशाचा काढलास?" म्हटलं, कृत्तिकांचा. "उघड बघू." उघडला, ताणला, आणि त्याच डाव्या कोपऱ्यात, त्याच जागी, तेच कडबोळं! काका म्हणाले, "तुझा तेजोमेघ तुझ्या मागे मागे फिरतोय गं. फ्लॅट घेतले होतेस का?" घेतले नव्हते, ते काय असतात ते सांगतेच. सेन्सरवरच्या काचेवर धुळीचा कण, त्याची सावली. बास.

तर मंडळी, कागदावर लिहून घ्या: टोपण लावून डार्क, कापड लावून फ्लॅट. डार्क म्हणजे दुर्बिणीच्या तोंडाला टोपण, तेवढाच वेळ, तोच आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता), तीच थंडी, वीसेक फोटो. त्यातून कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग कळतात, ते वजा होतात. फ्लॅट म्हणजे पांढरं कापड आणि सारखा उजेड. त्यात धूळ आणि कडांचा काळोख दिसतो, आणि सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोला त्याने भागतं. फ्लॅट होईपर्यंत फोकसला हात लावायचा नाही, कॅमेरा फिरवायचा नाही. परत सांगते, टोपण लावून डार्क, कापड लावून फ्लॅट. डीपस्कायस्टॅकर, सिरिल, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, दोन्हींत हे होतं.

जानेवारीच्या अमावास्येला परत गेले. मृग झाला, डार्क झाले, उजाडायला लागलं आणि लक्षात आलं, पांढरं कापड पुण्यालाच राहिलं. दोरीवर अप्पांचा बनियन वाळत होता. तोच दुहेरी करून नळीच्या तोंडावर ताणला आणि परकराच्या नाडीने बांधला. तेवढ्यात अप्पा तांब्या घेऊन वर आले, बघतच राहिले. "अगं, तो भोकाचा आहे, फोटोत भोक येईल!" नाही येत हो. कापड इतकं तोंडाशी असतं की त्याचं काहीच फोकस होत नाही, नुसता उजेड पसरतो.

बाकी झटपट सांगते. गाभ्यातले तारे पांढरेफटक जळतात, तर पाच-पाच सेकंदांचे वेगळे काढून तेवढाच भाग जोडा. लाल कमी आला तर तुमची चूक नाही, साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा बराचसा लाल अडवतो. पण म्हणून रंगाचं बटण पिळू नका, लग्नाच्या अल्बमसारखं दिसतं ते, आणि लग्नाचे अल्बम तरी कोण परत बघतं?

नवा फोटो स्वच्छ आला. मी हौसेने छापून नेला, म्हटलं अप्पा, जुना काढून हा लावू. अप्पांनी दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाले, "यात आपलं ते कुठाय?" जुना अजून तिथेच आहे, नवा आतल्या खोलीत. आणि तो बनियन दुर्बिणीच्या पेटीत असतो, अप्पा दर दिवाळीला एकदा मागतात.