कान आधी की अक्षर आधी? पीटर ब्रायंट यांचा वाचनावरचा प्रयोग

नमस्कार मंडळी! एक छोटा खेळ खेळूया. मी चार शब्द म्हणते, त्यातला वेगळा ओळखा. माळ, टाळ, फूल, बाळ.

तुम्ही 'फूल' म्हणालात. पण अजून वाचता न येणारं एखादं लेकरू फूल आणि माळ यांची जोडी लावतं. त्याला आधी अर्थ दिसतो, आवाज नंतर.

ऑक्सफर्डचे मानसशास्त्राचे प्राध्यापक पीटर ब्रायंट आणि त्यांच्या सहकारी लिनेट ब्रॅडली यांनी असाच खेळ इंग्रजी शब्द घेऊन चार-पाच वर्षांच्या सुमारे ४०० मुलांना दिला. या मुलांना तेव्हा वाचता येत नव्हतं. ज्यांना वेगळा आवाज ओळखता आला, ती मुलं काही वर्षांनी वाचनात आणि स्पेलिंगमध्ये पुढे निघाली.

पण एवढ्यावरून एकामुळे दुसरं झालं असं म्हणता येत नाही. म्हणून त्यांनी पुढे जे केलं, ते मला फार मोलाचं वाटतं. या खेळात मागे पडलेली ६५ मुलं निवडली आणि त्यांचे चार गट केले. एका गटाला दोन वर्षं चित्रं आवाजावरून जुळवायला शिकवलं : 'हेन' (कोंबडी) आणि 'हॅट' (टोपी), दोन्हींची सुरुवात सारखी. दुसऱ्या गटालाही तेच, पण सोबत हातात प्लास्टिकची अक्षरं. तिसऱ्या गटाला तीच चित्रं, मात्र जुळवायची अर्थावरून : कोंबडी आणि वटवाघूळ, दोन्ही प्राणी. चौथ्या गटाला काहीच शिकवलं नाही.

तिसरा गट कशासाठी? लक्ष, वेळ, कौतुक त्यांनाही तेवढंच मिळालं. म्हणजे फरक पडलाच, तर तो नुसत्या लाडाचा नाही हे कळावं म्हणून.

१९८३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात निकाल छापून आला. आवाज आणि अक्षर एकत्र शिकलेली मुलं वाचनात सगळ्यांत पुढे होती. गणितात तसा फरक नव्हता. नुसता आवाज शिकलेला गट अर्थवाल्या गटाच्या थोडा पुढे होता, पण तो फरक ठामपणे सांगण्याइतका मोठा नव्हता. 'बडबडगीतं म्हणा, वाचन आपोआप येईल' असं सांगणारे नेमकं हेच गाळतात! गाणी म्हणाच, पण ऐकलेला आवाज अक्षराशी जोडून दाखवायलाही हवा.

ब्रायंट आधीपासूनच असे बारकाईनं बघणारे. १९७१ साली टॉम ट्राबासो यांच्याबरोबर त्यांनी दाखवलं, की पहिली काठी दुसरीपेक्षा लांब आणि दुसरी तिसरीपेक्षा, तर पहिली तिसरीपेक्षा लांबच, हे चार वर्षांच्या मुलालाही कळतं. फक्त आधीच्या जोड्या त्याच्या नीट लक्षात राहायला हव्यात. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या मांडणीनुसार हे एवढ्या लहान मुलांच्या आवाक्याबाहेरचं होतं.

आता आपल्याकडचं. ब्रायंट यांची मुलं इंग्रजी शिकत होती, तिथे सुटं अक्षर हाताशी येतं. आपल्या बाराखडीत 'कि' म्हणजे क् आणि इ एकाच अक्षरात. वाचनाच्या अभ्यासक सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की अशा लिपीतली सगळी अक्षरं पक्की व्हायला चौथी इयत्ताही पुरत नाही. तेव्हा तुमचं दुसरीतलं मूल जोडाक्षराशी अडत असेल, तर घाईनं त्याला 'कच्चा' म्हणू नका. तो शब्द मोठ्यानं म्हणा, टाळी वाजवत तोडा आणि मग पाटीवर लिहून दाखवा.