बैकालच्या बर्फावरची आगगाडी

श्रोतेहो, नमस्कार. आज सैबेरियात जाऊ या, बैकाल सरोवरावर. लांबी 636 किलोमीटर, खोली 1,642 मीटर. जगात एवढं खोल सरोवर दुसरं नाही. तीनशेहून अधिक नद्या त्यात येतात आणि बाहेर पडते एकटी अंगारा. येणाऱ्या तीनशे, जाणारी एक!

जानेवारीत हे सगळं गोठतं, ते मेपर्यंत. या बर्फाची एक हकीगत मला सांगायचीच आहे. साल 1904. रशिया-जपान युद्ध पेटलेलं. फौज पूर्वेला न्यायची, पण सरोवराला दक्षिणेकडून वळसा घालणारा लोहमार्ग अजून अर्धवट. एरवी गाडीचे डबे ‘बैकाल’ नावाच्या बर्फफोड्या बोटीवर चढवून पलीकडे नेत. ही अजस्र बोट इंग्लंडात बनवून, सुटी करून, तुकड्यातुकड्यांनी तिथं आणलेली. पण भर हिवाळ्यात तिचंही काही चालेना. तेव्हा मंत्री खिल्कोव यांनी थेट बर्फावर रूळ टाकायला लावले. खाली अथांग पाणी आणि वर चाळीसेक किलोमीटर रूळ! चाचणीला इंजिन सोडलं, तर बर्फ फुटला आणि ते पाण्यात गेलं. मग काय केलं? इंजिनंच खोलली. सुटे भाग डब्यांवर लादले, डब्यांना घोडे जुंपले आणि पलीकडच्या काठावर इंजिनं पुन्हा जोडली. आगगाडी, आणि ओढणारे घोडे! वजन वाटून टाकलं म्हणून बर्फानं ते पेललं. अशा माणसांच्या नावानं चौकाचौकात पुतळे हवेत, असं माझं ठाम मत आहे. सेनापतींचे पुष्कळ झाले.

त्याच बर्फाखाली नेर्पा राहतो. नेर्पा म्हणजे गोड्या पाण्यातला सील. समुद्र शेकडो कोस दूर, तरी हा इथलाच. नखांनी बर्फ खरवडून तो श्वासापुरती भोकं उघडी ठेवतो. त्याचं मुख्य खाणं गोलोम्यांका. हा मासा जवळजवळ पारदर्शक, अंगात तिसरा हिस्सा चरबी, आणि अंडी न घालता थेट पिल्लं देणारा.

कोळ्यांचा मासा मात्र ओमुल. धुरी दिलेला ओमुल ही तिथली खासियत. तो इतका कमी झाला की 2017 पासून त्याची व्यापारी मासेमारी बंद आहे. पावसाळ्यात आपल्याकडे होड्या किनाऱ्यावर ओढतात, तसाच हा विचार: माशाला विणीला सवड हवी. गाबोळीचा मासा कितीही चविष्ट लागो, विणीच्या दिवसांत तो घेऊच नये, असं मी घरीही सांगतो. ओमुल शरदात सेलेंगासारख्या नद्यांत अंडी घालायला चढतो, आणि चोरटी जाळी नेमकी तिथंच लागतात.