बंब: न्हाणीघरातला आणि रस्त्यावरचा

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्यापैकी जे साठीच्या पुढचे आहेत, त्यांच्या घरी तांब्याचा बंब असणारच. मधल्या नळीत गोवरी आणि लाकडाचे तुकडे, भोवती पाणी. वरून गार पाणी ओतायचं आणि तोटीतून कढत काढायचं. आमच्याकडेही तो होता. घरासमोर मात्र दुसरा बंब होता, लाल रंगाचा, कारण जुन्या नागपुरातल्या एका अग्निशमन केंद्रासमोरच आम्ही राहायचो. एका बंबाच्या पोटात आग, दुसऱ्याच्या पोटात पाणी. मग दोघांना नाव एकच कसं, या प्रश्नानं मला लहानपणी फार छळलं.

उत्तर बरंच उशिरा सापडलं. 'बंब' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या 'बोंबा'वरून आला, आणि बोंबा म्हणजे पंप. पण गंमत त्याच्याही पुढची आहे. सत्तर-ऐंशी वर्षं अशी होती, की ज्या काळात आग विझवणारा बंब खरोखरच न्हाणीघरातल्या बंबासारखा होता.

त्याआधी सगळा खेळ मनगटाचा. लंडनच्या रिचर्ड न्यूशॅमनं 1721 साली पेटंट घेतलेला पंप म्हणजे चाकांवरची लाकडी पेटी. दोन्ही बाजूंना लांब दांडे, ते माणसांनी आळीपाळीनं खाली दाबायचे, आणि पेटीत बादल्यांनी पाणी ओतत राहायचं. दांडे मारायला रस्त्यावरची माणसं धरून आणत आणि त्यांना मजुरीबरोबर बिअर देत. बिअर आटली की दांडाही थांबे. ॲमस्टरडॅममध्ये त्याआधीच, 1670च्या दशकात, यान व्हान डर हायडन या चित्रकारानं चामड्याचा होज पाईप वापरात आणला होता. त्यामुळे बाहेरून नुसते फवारे उडवण्याऐवजी पाणी घेऊन घरात शिरता येऊ लागलं. माझ्या मते पंपापेक्षा हा शोध मोठा, पण चित्रकाराला त्याचं श्रेय सहसा कुणी देत नाही.

मग 1829 साली ब्रेथवेट आणि एरिक्सन या दोघांनी वाफेवर चालणारा बंब बनवला. उभा बॉयलर, खाली धगधगती भट्टी, आत पाणी. आपला न्हाणीघरातला बंबच म्हणा ना, फक्त त्याची वाफ पंपाचा दट्ट्या हलवायची. आग विझवायला निघालेली गाडी स्वतःच धूर ओकत, ठिणग्या उडवत घोड्यांमागून पळतेय, हे दृश्य कसं असेल! केंद्रात उभी असतानाही बॉयलरमधलं पाणी कोमट ठेवत आणि घंटा वाजताच भट्टी पेटवत, म्हणजे आगीपाशी पोहोचेपर्यंत वाफ तयार.

लंडनच्या दलाचे प्रमुख जेम्स ब्रेडवुड यांनी मात्र हे यंत्र तीसेक वर्षं दारात उभं केलं नाही. त्यांचं म्हणणं, एवढा जोर हाती आला की माणसं लांबूनच पाणी मारत बसतील, आगीजवळ जाणार नाहीत. पुष्कळ जण त्यांना हेकट म्हणतात. मी म्हणणार नाही. आगीच्या ज्वाळांवर नव्हे, बुडाशी पाणी मारा, हे आजही नव्या पोरांना शिकवावंच लागतं. ब्रेडवुड 1861 साली टूली स्ट्रीटच्या आगीत भिंत अंगावर कोसळून गेले. लांब उभं राहणं त्यांना स्वतःलाही जमलं नव्हतं.

शिकवण्यावरून आठवलं. देशभरातल्या अग्निशमन अधिकाऱ्यांना जिथे शिकवतात ते राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्या नागपुरातच आहे. 1956 साली ते उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी इथे आलं. आगीच्या बाबतीत नागपूर हे गावही शिकवण्याजोगंच. एका बाजूला कापूस, दुसऱ्या बाजूला लकडगंजचे लाकडाचे टाल आणि आरा मशीनी, मध्ये इतवारीच्या गल्ल्या, आणि डोक्यावर मे महिन्याचं ऊन.

कापसाची आग मोठी लबाड. वरून विझल्यासारखी दिसते आणि दाबून बांधलेल्या गाठीच्या आत धुमसत राहते. पाणी आत शिरत नाही. गाठी आकड्यांनी ओढून, फोडून, एकेक थर उसकटून भिजवावा लागतो, आणि हे काम कधी कधी दोन-दोन दिवस चालतं. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी सुरू केलेल्या आपल्या एम्प्रेस मिलमध्ये छताला स्प्रिंकलर बसवले ते उगाच नव्हे. आणि मुंबईच्या गोदीत 14 एप्रिल 1944 रोजी 'फोर्ट स्टायकिन' जहाजावर स्फोट झाला, तेव्हाही सुरुवात कापसाच्या गाठींपासूनच झाली होती. गाठींच्या वरच स्फोटकं रचलेली होती. त्या दिवशी अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. म्हणून 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह असतो. नागपुरात त्याच दिवशी आंबेडकर जयंती, त्यामुळे सकाळी हुतात्म्यांना सलामी आणि मग लगेच बंदोबस्ताला, असं समोरच्या जवानांचं चालायचं.

आमच्या समोरच्या केंद्राचं स्वतःचं पंचांगच होतं. हिवाळाभर जिनिंगचे कॉल. मग होळी. मेमध्ये वाळलेलं गवत, लाकडाचा भुसा, कूलरच्या जळलेल्या वायरी, काय काय म्हणून सांगू. मृग लागला की आगी थांबायच्या आणि झाडं पडल्याचे कॉल सुरू. विहिरीत पडलेली गाय अधूनमधून. आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री जेवणाचे डबे उघडायचेच नाहीत, हे आधीच ठरलेलं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात 1970च्या दशकात वस्त्याच्या वस्त्या जळत होत्या आणि तिथल्या काही केंद्रांना वर्षाला हजारो कॉल येत. ती धावपळ आमच्याकडे नव्हती. पण एका कॉलवरून परतलेली गाडी गेटातूनच दुसऱ्या कॉलसाठी वळलेली मी पाहिली आहे. जवानांच्या भिवयांवर राख तशीच होती.

फोन 101. जुन्या गोल डायलवर शून्य फिरवलं की चकती परत यायला केवढा वेळ लागे! वॉच रूममधला माणूस पहिला प्रश्न विचारायचा, 'कोणाच्या वाड्याजवळ?' घर क्रमांक सांगून नागपुरात कुणी कुठे पोहोचलं नाही.

माझी खरी दोस्ती होती तिथल्या एका ड्रायव्हरकाकांशी. गाडीच्या टाकीत साधारण 4,500 लिटर पाणी. ऐकायला भरपूर वाटतं, पण पंप पूर्ण जोरानं चालवला तर दोन मिनिटांचा खेळ. त्यानंतर तलाव नाहीतर विहीर. त्यामुळे काकांच्या डोक्यात शहराचा नकाशा रस्त्यांचा नव्हताच, पाण्याचा होता. जुम्मा तलाव, नाईक तलाव, लेंडी तलाव, सक्करदरा, आणि अमक्याच्या वाड्यातली बारमाही विहीर. तरीही अडचण एक होतीच. विहिरीत पाणी असूनही मे महिन्यात बंबाला ते मिळत नसे.

'पंप काई पाणी ओढत नाई, बाप्पा,' काका सांगायचे. 'तो पाइपातली हवा काढते फक्त. पाण्याले वर ढकलते ते बाहेरची हवा. तिची ताकद सरली, का पंप कितीबी फिरव, कोरडाच.' हवेची ताकद कागदावर दहा मीटरच्या थोडी पुढे जाते. रस्त्यावर सातच्या आसपास धरायची. पाणी त्याखाली गेलं की एवढा मोठा लाल बंब विहिरीच्या काठावर नुसता घुरघुरत उभा राहतो.

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात काका भेटले. वय ऐंशीच्या पुढे. जेवणं झाल्यावर मला हाताला धरून मांडवामागच्या जुन्या विहिरीपाशी घेऊन गेले. जाळी बाजूला सारून खडा टाकला आणि मोठ्यानं म्हणाले, 'एक'. सात मीटर पडायला खड्याला सव्वा सेकंद लागतो, हे मी घरी येऊन कागदावर मांडून पाहिलं. काकांना कागद लागला नव्हता. 'दोन' म्हटल्यावर खालून डुबुक आवाज आला.

'नाई जमत,' म्हणाले, आणि जाळी परत नीट लावली.

नमस्कार.