गायीला विचारण्याची रीत

मित्रहो,

आजच्या विषयाची सुरुवात मी एका फाटकापासून करणार आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी दुभत्या गायींसमोर ढकलून उघडायचे एक फाटक ठेवले आणि त्याचे वजन ते टप्प्याटप्प्याने वाढवत गेले. फाटकापलीकडे कधी ताजी वैरण असे, कधी अंग घासायचा फिरता ब्रश असे, तर कधी काहीच नसे. कोणती गाय कशासाठी किती वजन ढकलते, एवढेच मोजायचे होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, ब्रशसाठी गायींनी ताज्या वैरणीइतकाच जोर लावला. रिकाम्या जागेसाठी मात्र तेवढा लावला नाही. बाभळीच्या खोडाला मान घासत उभे राहिलेले जनावर आपण सर्वांनी पाहिले आहे. ते घासणे त्याला भुकेइतके निकडीचे वाटत असेल, हे मात्र मला, पशुवैद्यक म्हणून इतकी वर्षे काम करूनही, या फाटकाने सांगितले.

गेल्या २०-२५ वर्षांत पशुकल्याणाच्या अभ्यासाने जी वाट धरली आहे, ती हीच. आम्ही पूर्वी ताप, वजन, दूध आणि रक्ताचे नमुने पाहून जनावर ‘ठीक’ आहे की नाही ते ठरवत असू. आता जनावरापुढे निवड ठेवली जाते आणि ते काय निवडते हे पाहिले जाते.

बसण्याचेच घ्या. दुभती गाय २४ तासांतले साधारण १२ तास बसून काढते आणि रवंथही बहुतेक बसूनच करते. चरणे आणि बसणे या दोन्हींसाठी वेळ अपुरा ठेवला, तर ती काय वाचवते? डेन्मार्कमधील प्रयोगांत गायींनी खाण्याचा वेळ कमी केला, पण बसण्याचा वेळ शक्यतो सोडला नाही. आपण मात्र गव्हाण भरली की आपले काम झाले असे समजतो.

एका गोठ्यात कासदाहाची गाय पाहायला गेलो होतो, तेव्हा शेजारच्या गायीकडे लक्ष गेले. मोकळी गाय उठताना आधी गुडघ्यांवर येते, डोके पुढे झोकते आणि त्या झोकावर मागचा भाग उचलते. या झोकासाठी तिला पुढे हात-दीड हात मोकळी जागा लागते. या गायीचे दावे आखूड होते आणि तोंडासमोर गव्हाणीची भिंत होती. ती घोड्यासारखी पुढचे पाय आधी टेकवून उठायला पाहत होती, दोनदा मागे बसली, तिसऱ्यांदा उठली. पुढच्या दोन्ही गुडघ्यांवर लिंबाएवढी सूज होती. मालकाला मी दावे वीतभर नव्हे, चांगले हातभर लांब करायला सांगितले. महाराष्ट्रात मुक्त संचार गोठ्याचा, म्हणजे जनावरे न बांधता मोकळी ठेवण्याच्या गोठ्याचा, जो प्रसार झाला आहे, त्याचे समर्थन बहुधा मजुरी वाचते म्हणून केले जाते. ते खरेच आहे. पण गायीच्या बाजूचे कारण या उठण्या-बसण्यात आहे, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते.

आता वासरांकडे येतो, कारण मला आज सर्वांत जास्त बोलायचे आहे ते त्यांच्याविषयी. शिंगे वाढू नयेत म्हणून संकरित वासरांच्या शिंगांच्या कळ्या तापलेल्या लोखंडाने डागण्याची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. त्याच ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात वासरांना पडद्यावरच्या लाल आणि पांढऱ्या रंगांतला फरक शिकवण्यात आला: एका रंगाकडे गेले की दूध मिळते, दुसऱ्याकडे गेले की मिळत नाही. मग मधल्या छटा दाखवल्या. ज्या छटेचा अर्थ स्पष्ट नाही, तिच्याकडे वासरू आशेने जाते की जात नाही, हे पाहायचे होते. कळ्या डागल्यानंतर वासरे अशा पडद्यांकडे कमी वेळा गेली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा अर्थ असा की, वेदना केवळ डोक्यावरच्या जखमेपुरती राहत नाही; वासराची एकंदर अपेक्षाच खालावते. पुढच्याच वर्षी त्याच संशोधकांना आईपासून तोडलेल्या वासरांतही हाच परिणाम दिसला.

यावरचा उपाय महाग नाही. डोळा आणि कळी यांच्या मधोमध हाडाची जी कडा हाताला लागते, तिच्याखाली लिग्नोकेन टोचले की शिंगाची नस बधिर होते. लोखंड लावण्यापूर्वी काही मिनिटे थांबावे लागते, आणि ती थांबण्याची तयारीच बहुतेक ठिकाणी नसते. भूल दोन-तीन तासांत उतरते, म्हणून सोबत मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक द्यावे. या औषधाचा आग्रह मी आणखी एका कारणासाठी धरतो. डायक्लोफिनॅक हे दुसरे वेदनाशामक दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ साली भारताने जनावरांसाठी ते औषध बंद केले. मेलॉक्सिकॅम गिधाडांसाठी सुरक्षित ठरले आहे. माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकची बाटली कोणी गोठ्यात पुढे केली, तर ती नाकारा. खिल्लार किंवा डांगी या देशी जाती पाळणाऱ्यांना हा सारा प्रश्न पडतच नाही, कारण तिथे शिंग हे जनावराचे रूप आहे. संकरित गोठ्यांना मात्र त्याचे उत्तर द्यावेच लागेल.

आईपासून तोडण्याच्या मुद्द्यावर आपल्याकडे एक जुनी रीत आहे, तिच्याकडे मी आदराने पाहतो. पाश्चात्त्य दुग्धव्यवसायात वासरू जन्मल्यावर काही तासांतच वेगळे केले जाते. आपल्याकडे वासरू लावल्याशिवाय गाय पान्हा सोडत नाही म्हणून धारेआधी ते कासेला लावले जाते आणि धारेनंतर उरलेले दूध त्याला मिळते. हे अर्थात गायीच्या सोयीपेक्षा आपल्या सोयीसाठी सुरू झाले असणार, आणि पुष्कळ गोठ्यांत वासराच्या वाट्याला उरते ते फारच थोडे. तरीही वासरू आईजवळ ठेवण्याचे मार्ग आज युरोपात जे संशोधक नव्याने शोधत आहेत, त्यांच्यापुढचा अर्धा प्रश्न आपल्या गोठ्याने परंपरेनेच सोडवलेला आहे. वासरांची सोबतही महत्त्वाची आहे. एकेकटी ठेवलेली वासरे, जोडीने वाढलेल्या वासरांच्या तुलनेत, शिकलेला नियम उलटला की नवा नियम शिकायला अडखळतात, असे २०१४ च्या प्रयोगात आढळले.

आणि चीक. गायीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भात उतरत नाहीत, त्यामुळे वासरू जन्मते तेव्हा त्याच्याजवळ रोगाशी लढण्याचे आईचे देणे जवळजवळ नसते. ते त्याला फक्त चिकातून मिळते, आणि आतड्याची ते शोषण्याची क्षमता तासातासाने घटत सुमारे २४ तासांत संपते. म्हणून वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक, म्हणजे ३० किलोच्या वासराला सुमारे तीन लिटर, पहिल्या दोन ते चार तासांत पोटात गेला पाहिजे. वार पडण्याची वाट पाहत वासराला थांबवून ठेवण्याची समजूत अजूनही गावोगाव आहे. ती सोडून द्यावी. मी लहान असताना आमच्या घरी गाय व्याली की पहिल्या धारेचा तांब्या आधी शेजारी जाई, कारण खरवस वाटणे हा मान होता. त्या गायींपैकी एकीचे वासरू हगवणीने आठवड्यात गेले. खरवस मलाही आवडतो, आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या चिकाचाही होतो. पहिल्या धारेचा तांब्या वासराचा आहे.