बोट शोला जाताना खिशात काय न्यायचं

नमस्कार मंडळी. आज बोट शोबद्दल, म्हणजे होड्यांच्या प्रदर्शनाबद्दल बोलायचंय, आणि ते पण आपल्यासारख्यांसाठी, म्हणजे ज्यांच्याकडे ट्रेलरवर मावेल अशी एक छोटी शिडाची होडी आहे आणि ती विकून मोठी घ्यायचा काही विचार नाहीये. अशा माणसाने बोट शोला जावं का? जावंच. फक्त जाताना आपल्या होडीचा झिजलेला एखादा भाग खिशात घालून न्यावा. परत सांगते, झिजलेला भाग, फोटो नाही.

आता जर्मनीतल्या डसेलडॉर्फचा शो जानेवारीत, मोठमोठ्या हॉलमध्ये, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनचा सप्टेंबरमध्ये, तिथे कितीतरी बोटी पाण्यातच उभ्या असतात. दोन्ही 1969 पासून चालू आहेत. पण कुठेही जा, आधी नजर जाते ती भल्यामोठ्या यॉटकडे, बूट काढून वर चढा, आत सोफे बघा. बघा जरूर, पण दिवस तिथे घालवू नका. आपलं काम कडेच्या छोट्या स्टॉलवर, जिथे दोर, कप्प्या, शॅकल म्हणजे दोर-शीड जोडायच्या धातूच्या कड्या मिळतात.

माझंच सांगते. माझ्या होडीचं मोठं शीड वर चढवायचा दोर, म्हणजे हॅलयार्ड, सारखा एकाच जागी कुरतडल्यासारखा व्हायचा. शीड पूर्ण वर गेलं की दोराचा जो भाग डोलकाठीच्या टोकावरच्या कप्पीत येतो ना, बरोब्बर तिथे. वरचं आवरण फाटून आतला पांढरा गाभा दिसायचा. जो तो म्हणायचा दोर हलका आहे, भारीतला घ्या. मग मी तो हातभर तुकडा कापला, खिशात घातला आणि शोला गेले. एका कोपऱ्यात रिगिंगवाले, म्हणजे होडीच्या दोर-तारांचं काम करणारे काका बसले होते, समोर दोराची टोकं आणि स्प्लायसिंगच्या, म्हणजे दोर विणून जोडायच्या सुया मांडलेल्या. म्हटलं, काका, ह्याच्यापेक्षा मजबूत दोर द्या. त्यांनी तुकडा घेतला, डोळे मिटून बोटांनी चाचपला, गोल फिरवला आणि म्हणाले, "हा दोन्ही बाजूंनी झिजलाय, खालून नाही. होडी जुनी दिसतेय, आधी वायरचा हॅलयार्ड होता का?"

मी चाटच पडले, कारण होता! आधीच्या मालकाने वायर काढून दोर लावला होता. काकांनी ड्रॉवरमधून कप्पीची दोन चाकं काढली, एकाची खाच अरुंद, व्ही आकाराची, वायरसाठी, दुसऱ्याची रुंद आणि गोल. माझाच तुकडा अरुंद खाचेवर ठेवला तर तो आत बसेचना, वरच दोन्ही कडांवर टेकून राहिला. "बघा, कडांवर घासतोय. दोर कितीही भारी घ्या, झिजणारच. चाक बदला." आणि दोर विकायला बसलेला माणूस बरं का हा, पण मला दोर विकला नाही! डोलकाठी आडवी करा आणि चाकाचा व्यास, जाडी, मधल्या पिनेचं भोक एवढी तीन मापं घ्या म्हणून कागदावर लिहून दिलं. चाक बदललं आणि तेव्हापासून तिथे दोराचा एक धागा उसवलेला नाही. म्हणून म्हणते, झिजलेला भाग खिशात. झीज हाताला कळते, फोनच्या स्क्रीनवर नाही कळत.

जाता जाता लाइफ जॅकेटचं बोलतेच, कारण लोक यॉटपाशी तासभर रेंगाळतात आणि जॅकेटच्या स्टॉलवर दोन मिनिटं थांबत नाहीत, ह्याचा मला खरंच राग येतो. फुगणारं जॅकेट असेल तर गॅसचा सिलिंडर घट्ट बसलाय का, पाण्यात पडल्यावर ते आपोआप फुगवणाऱ्या ऑटोमॅटिक भागावरची तारीख उलटली का, हे तिथे विचारून शिकून घ्या. सिलिंडर वापरात हळूहळू सैल होतो, मंडळी, आणि सैल सिलिंडरचं जॅकेट फुगेलच असं नाही.

आणि छोट्या होडीवाल्यांनी शोमध्ये बुजायचं तर अजिबात नाही. ब्रूस कर्बींनी डिझाइन केलेली लेझर, एकट्याने चालवायची छोटीशी होडी, 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या बोट शोमध्येच लोकांसमोर आली आणि 1996 मध्ये ऑलिंपिकला पोचली.

शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी जा, स्टॉलवाले निवांत असतात, तुकडा हातात घेऊन नीट बघतात. नमस्कार.