पासंग

ही लाकडी डबी वीतभर लांबीची. आत लाकूड कोरून खळगे केलेत. दांडीला एक, पारड्यांना दोन आणि वजनांसाठी लहान लहान होत गेलेली एक रांग. शेवटचा खळगा रिकामा आहे. तो बहुतेक डब्यांत रिकामाच असतो.

हा सराफाचा काटा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे तोळ्यात शहाण्णव गुंजा. आजच्या हिशेबात एक गुंज साधारण १२० मिलिग्रॅमची. एवढ्याशासाठी दुकानात वाराही चालायचा नाही. नाजूक तब्येतीला आपण ‘तोळामासा’ म्हणतो, ते उगाच नाही.

१९५६ साली कायदा झाला, १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं ग्रॅम-किलो आले. सराफानं तोळा हा शब्द सोडला नाही, ११.६६ ग्रॅमचा तोळा तेवढा दहाचा झाला. जुनी वजनं मोडीत निघाली. त्यातली वाचलेली कधीमधी पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात समोर येतात. चिंचेनं घासून लखलखीत केलेली असतील, तर मी हातही लावत नाही. घासलं की पितळ झिजतं. मग ते वजन कसलं?

काटा घेताना आधी तो रिकामाच उचलायचा. दांडी सरळ राहिली, की पारडी उलटी करून बघायची. एखाद्याच्या तळाला लाखेचा थेंब किंवा तारेचा वेढा सापडतो. हाच पासंग. ‘पासंगालाही पुरणार नाही’ म्हणतो ना आपण, तो. हलक्या पारड्याची उणीव तो भरून काढतो. यात लबाडी नाही.

पण दांडीची एक बाजू केसभर लांब असली, तर? तीही पासंग लावून रिकामी सरळ ठेवता येते. ही खोड माल चढल्यावरच बोलते. म्हणून दोन्ही पारड्यांतला ऐवज अदलाबदल करून बघायचा.

या काट्याच्या उजव्या पारड्याखाली लाख आहे. डावीकडे तोळ्याचं वजन ठेवतो. उजवीकडे पितळेचा चुरा, दांडी सरळ होईपर्यंत.

आता अदलाबदल.

दांडी कलली. वर गेलेल्या पारड्यात एक गुंज टाकतो.

सरळ.